उपकेंद्राएवढं गाव, १८१ रुग्ण : स्कॉट काउंटीच्या एचआयव्ही साथीचं प्रकरण

आपल्याकडे सपाट भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा हिशेब आहे. तो डोळ्यांसमोर ठेवला की हे प्रकरण केवढं होतं ते लगेच कळतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात स्कॉट नावाची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आहे. लोकसंख्या सुमारे २४ हजार, म्हणजे आपल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीपेक्षाही कमी. तिथे ऑस्टिन नावाचं गाव आहे (टेक्सासमधलं मोठं शहर वेगळं), वस्ती साधारण ४,२००. आपल्या भाषेत एका उपकेंद्राचं गाव. या काउंटीत वर्षाला एचआयव्हीचे पाचपेक्षाही कमी नवे रुग्ण सापडत. १८ नोव्हेंबर २०१४ ते १ नोव्हेंबर २०१५ या वर्षभरात १८१ जणांना एचआयव्हीचं निदान झालं आणि त्यातले बहुतेक या एकाच गावाचे होते.

या साथीवर जनुकीय अभ्यास झाले, गणिती मॉडेलं झाली, राजकारणही भरपूर झालं. इथे तिच्याकडे काउंटीच्या आरोग्य खात्याच्या टेबलावरून पाहायचं आहे: माणूस सापडला कसा, नाव लिहिलं कसं, सुई मोजली कशी, कागद निघाला कसा. साथ वाढली ती या कामांत जिथे जिथे खंड पडला तिथे, आणि आटोक्यात आली तीही हीच कामं धरून.

साथीआधीचं खातं

काउंटीचं आरोग्य खातं म्हणजे मोजकी माणसं. रोजचं काम जन्म-मृत्यूचे दाखले, खाणावळींची तपासणी, सेप्टिक टाकीचे परवाने, शाळेच्या मुलांचं लसीकरण, प्राणी चावल्याच्या नोंदी, एखादा क्षयरोगी असेल तर त्याच्या औषधांवर लक्ष. पैसा बराचसा स्थानिक करांतून. गाव गरीब असेल तर खातंही गरीब, आणि स्कॉट काउंटी गरीब होती. दारिद्र्यात जगणारे १९ टक्के, बेरोजगारी ८.९ टक्के, शालेय शिक्षण पूर्ण न केलेले प्रौढ २१.३ टक्के. आयुर्मान आणि आरोग्याच्या निर्देशांकांत ही काउंटी राज्याच्या यादीत सतत तळाशी. ऑस्टिनमध्ये डॉक्टर एकच, विल्यम कूक, २००४ पासून तिथे दवाखाना चालवणारे.

एचआयव्ही तपासणीची सोय एका कुटुंबनियोजन क्लिनिकमध्ये होती. निधी आटत गेला आणि २०१३ मध्ये ते क्लिनिक बंद झालं. त्यानंतर काउंटीत एचआयव्ही तपासणीचं केंद्रच उरलं नाही. ही गोष्ट पुढे फार महागात पडली. तपासणी बंद झाली की रुग्णांचा आकडा खाली येतो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. शून्य रुग्णांचा अहवाल आला तर आधी तपासण्या किती झाल्या ते पाहावं, हे आपल्याकडे हिवतापाच्या रक्तनमुन्यांच्या बाबतीत आरोग्य सेवकालाही ठाऊक असतं. तीच कसोटी इथे लागू होती.

आणखी एक खूण आधीपासून समोर होती. हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार. तो रक्तातूनच पसरतो आणि सुई वाटून घेणाऱ्यांत तो एचआयव्हीच्या बराच आधी पोहोचतो, कारण एका टोचणीतून तो लागण्याची शक्यता कितीतरी जास्त. ज्या वस्तीत तरुण माणसांत हेपटायटिस सी वाढतोय तिथे एकमेकांच्या सुया वापरल्या जात आहेत, एवढं नक्की समजावं. एचआयव्ही असलेला एक माणूस त्या वर्तुळात यायचा तेवढा बाकी असतो. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार राज्यांत २००६ ते २०१२ या काळात तिशीच्या आतल्या लोकांमधला नवा हेपटायटिस सी ३६४ टक्क्यांनी वाढला होता. केंटकी म्हणजे स्कॉट काउंटीच्या दक्षिणेला नदीपलीकडचं राज्य. पुढे ऑस्टिनमधल्या एचआयव्ही रुग्णांची तपासणी झाली तेव्हा ९२.३ टक्के लोकांना हेपटायटिस सीची लागणही निघाली.

पहिले अकरा

२०१४ च्या अखेरीस एकाच काउंटीतून तीन नवे एचआयव्ही रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या दोघांनी एकमेकांची सुई वापरली होती. राज्याच्या आरोग्य खात्याचे संपर्क शोधणारे कर्मचारी त्यांच्याशी बोलले, नावं निघाली, तपासण्या झाल्या आणि आणखी आठ सापडले. एकूण अकरा. २३ जानेवारी २०१५ ला राज्याने रीतसर तपास सुरू केला, २५ फेब्रुवारीला साथ जाहीर केली. २१ एप्रिलला आकडा १३५ वर होता.

तो आकडा कसा लिहिला गेला हेही पाहण्यासारखं आहे: १२९ पक्के आणि ६ प्राथमिक. जलद चाचणीत पॉझिटिव्ह आलेला माणूस पुष्टीची चाचणी होईपर्यंत वेगळ्या रकान्यात. साथीच्या धांदलीत हे दोन रकाने एक झाले की दुसऱ्या दिवशी आकडा खाली आणावा लागतो आणि खात्यावरचा विश्वास उडतो. त्या माणसाशी बोलताना मात्र थांबायचं नसतं. प्राथमिक निकालावरच समुपदेशन सुरू करायचं आणि शिरेतून रक्त त्याच भेटीत घ्यायचं. ‘निकाल आला की या’ म्हणून पाठवलेला माणूस पुन्हा सापडेलच असं नाही.

नावं कशी निघतात

संपर्क शोधणाऱ्याचा सगळ्यात अवघड प्रश्न हा की तुम्ही कुणाची सुई वापरता आणि तुमची कोण वापरतं. इंडियानात त्या वेळी नशेसाठी सिरिंज बाळगणं हा गंभीर गुन्हा होता. म्हणजे या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा स्वतःचा कबुलीजबाब देत होता, आणि वर नातलगांचा. इथे ‘नातलग’ शब्दशः घ्यायचा आहे. या गावात एकाच घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसून टोचून घेत होत्या.

म्हणून प्रश्न तीन वर्तुळांत विचारले गेले: सुई वाटून घेणारे, शरीरसंबंध असलेले, आणि तिसरं वर्तुळ म्हणजे ज्यांना धोका असू शकेल असे ओळखीचे. तिसरं वर्तुळ फार कामाचं. ‘तुमच्या मते आणखी कुणाची तपासणी व्हायला हवी?’ असं विचारलं की नाव सांगणाऱ्यावर आरोप येत नाही आणि ज्याचं नाव आलं त्याच्यावरही नाही. सुरुवातीच्या ११२ मुलाखतींत माणशी सरासरी नऊ नावं निघाली. कुणी एकही सांगितलं नाही, कुणी ८० सांगितली. वर्षअखेर एकूण ५३६ नावं जमली होती आणि त्यातली ४६८ माणसं प्रत्यक्ष सापडली. ८७ टक्के. फोन बंद, पत्ता बदललेला, नाव म्हणजे नुसतं टोपणनाव, अशा गावात हा आकडा उंबरे झिजवूनच येतो. संपर्क शोधायचा असेल तर रक्त घ्यायचं सामान गाडीतच हवं. माणूस ज्या ओसरीवर भेटला तिथेच नमुना.

या नोंदींतून एक फार उपयोगी गोष्ट बाहेर आली. एखाद्याचं नाव सुईचा भागीदार म्हणून जितक्या रुग्णांनी घेतलं तितका त्याला लागण असण्याचा धोका वाढत गेला: दर नावामागे १.९ पट. याचा व्यवहारातला अर्थ असा की यादी दोन बाजूंनी लिहावी. नेहमी यादी सांगणाऱ्याच्या नावाखाली लिहिली जाते: अमक्याने ही पाच नावं दिली. त्याबरोबर दुसरी वही लागते, ज्याचं नाव आलं त्याच्या नावाची: हा आतापर्यंत चार जणांच्या तोंडून आला. रोज सकाळी त्या वहीत ज्याच्यापुढे सर्वांत जास्त खुणा, त्याच्या दारी पहिली गाडी. कर्मचारी कमी असतील तेव्हा ‘आज कुणाकडे जायचं’ याचं उत्तर असं निघतं.

तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे काम संपलं असं नव्हे. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीलाही लागण झाल्यापासून १८ ते ४५ दिवस लागतात. बोटातून रक्त घेऊन केलेल्या जलद चाचणीला ९० दिवसांपर्यंतही. ऑस्टिनमधले लोक दिवसाला ४ ते १५ वेळा टोचून घेत होते आणि एका वेळच्या बैठकीत एक ते सहा भागीदार असत. आज निगेटिव्ह आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा त्याच घरात. म्हणून निगेटिव्ह संपर्कांच्या नावापुढे पुढच्या तपासणीची तारीख लिहावी लागते आणि ती तारीख आली की पुन्हा शोधावं लागतं. या फेऱ्या कंटाळवाण्या असतात आणि साथीची बातमी जुनी झाली की सर्वांत आधी याच गळतात.

विषाणूच्या जनुकीय तपासणीने हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. १५९ रुग्णांच्या विषाणूंची रचना पाहिली, त्यातले १५७ एकमेकांशी अगदी जवळचे निघाले. म्हणजे बाहेरून विषाणू जवळपास एकदाच आत आला आणि मग गावभर फिरला. नवी लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंचं प्रमाण फार जास्त असतं आणि चाचणीत तो अजून दिसतही नसतो. सुई वाटून घेणाऱ्यांच्या दाट जाळ्यात हे दोन्ही एकत्र आले की आकडा उड्या मारतो.

एका आठवड्याला किती सुया

टोचलं जाणारं औषध ऑक्सिमॉर्फोन, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी तीव्र वेदनाशामक गोळी. ‘ओपाना’ या नावाने ती ओळखली जाई. १८१ पैकी ८७.८ टक्के लोकांनी दीर्घकाळ परिणाम करणारी ही गोळी टोचून घेतल्याचं सांगितलं. शिरेतून घेतल्यावर तिचा अंमल लवकर उतरतो आणि काही तासांत शरीर पुन्हा मागतं, म्हणून दिवसाला इतक्या टोचण्या. गोळी महाग, म्हणून वाटून घेणं. सिरिंज बहुतेक इन्सुलिनची, आणि ती मिळणं कठीण, म्हणून तीच तीच.

सुया वाटून घेणं थांबवायचं तर प्रत्येक टोचणीला नवी सुई खात्याने द्यायला हवी. आता हिशेब करा. दिवसाला ४ वेळा टोचणाऱ्याला आठवड्याला २८ नव्या सुया लागतात, १५ वेळा टोचणाऱ्याला १०५. खात्याने सरसकट माणशी ३० सुया ठरवल्या तर पहिल्याचं भागतं आणि दुसऱ्याच्या ७५ टोचण्या जुन्या सुईने होतात. सर्वांत जास्त धोका असलेला माणूसच सर्वांत कमी सुरक्षित राहतो. एक जुनी द्या आणि एक नवी घ्या हा नियमही इथे मोडतो, कारण जुनी सुई खिशात घेऊन येताना पोलिसांनी धरलं तर गुन्हा. म्हणून वाटप गरजेप्रमाणे व्हावं लागतं: दिवसाला किती वेळा, पुन्हा कधी येणार, घरात आणखी कोण.

पण त्याआधी सुया देणंच बेकायदा होतं. २६ मार्च २०१५ ला राज्यपाल माइक पेन्स यांनी स्कॉट काउंटीपुरती ३० दिवसांची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि इंडियानाच्या इतिहासात पहिल्यांदा सिरिंज बदलून देण्याची परवानगी मिळाली. तपास सुरू होऊन तेव्हा दोन महिने उलटले होते. प्रत्यक्ष केंद्र ४ एप्रिलला सुरू झालं.

३० दिवसांची मुदत हा कामाच्या दृष्टीने मोठा दोष होता. चाचणीत लागण दिसायलाच ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, त्याहून ही मुदत छोटी. शिवाय महिन्याभरात बंद होईल की काय अशा केंद्रावर, पोलिसांना घाबरणारा माणूस आपलं नाव का टाकेल? मुदत नंतर वाढवली गेली, आणि ५ मे ला राज्याने नवा कायदा केला, ज्यात साथ असलेल्या काउंटीला राज्याच्या आरोग्य आयुक्तांच्या मान्यतेने असा कार्यक्रम चालवता येतो. स्कॉट काउंटीला वर्षभराची मान्यता मे महिन्यातच मिळाली. तेव्हाचे आयुक्त जेरोम ॲडम्स. पुढे ते देशाचे सर्जन जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख प्रवक्ते झाले.

पहिल्या दिवसांत माणसं फारशी आली नाहीत. कारणं साधी होती. कार्यक्रमात नाव नोंदवलेल्याला कार्ड मिळे, त्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. कार्ड असलेल्याकडची सुई पोलिसांनी सोडायची, नसलेल्याला मात्र अटक. म्हणजे नोंदणीच्या वाटेवरचा माणूस, जो पहिल्यांदाच जुन्या सुया घेऊन येतोय, तोच कायद्याच्या कचाट्यात. त्यात केंद्राच्या वेळा ठरावीक आणि अनेकांकडे गाडी नाही. मग काउंटीच्या परिचारिकेने गाडीत सामान भरून गल्ल्यांमधून फिरायला सुरुवात केली. सुयांबरोबर अल्कोहोलचे बोळे, मलमपट्टी, आणि वापरलेल्या सुया टाकायला पंक्चर न होणारा डबा. फिरती गाडी ठरलेल्या वारी, ठरलेल्या कोपऱ्यावर, ठरलेल्या वेळी आली पाहिजे. दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा कोणी उभं राहत नाही, हे आपल्या फिरत्या दवाखान्यांवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

परत आलेल्या सुयांबाबत एक नियम कधीच मोडायचा नसतो: हाताने मोजायच्या नाहीत. डबा किती लिटरचा आणि किती भरला यावरून अंदाज लिहायचा. आणणाऱ्याने स्वतः मोठ्या डब्यात ओतायच्या, कर्मचाऱ्याने डबा धरून ठेवायचाही नाही. तो टेबलावर किंवा जमिनीवर पक्का ठेवायचा. पाऊण भरला की बंद. नेमका आकडा हवा म्हणून मोजायला बसलेल्या कर्मचाऱ्यालाच सुई टोचते. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करायचं. गाडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ते औषध कुठे आणि कुणाकडे मिळेल हे निघण्याआधी माहीत हवं.

दाखल्याची खिडकी

या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट दिसायला सर्वांत किरकोळ आहे. एचआयव्हीवरचे उपचार सुरू करायचे तर विमा हवा. इंडियानात गरिबांसाठीची विस्तारित विमा योजना १ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली होती, म्हणजे साथ जाहीर होण्याच्या काही दिवस आधी. योगायोग मोठा होता. ती नसती तर शेकडो लोकांच्या आयुष्यभराच्या औषधांचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्नच सुटला नसता. पण विम्याच्या अर्जाला ओळख पटवणारा कागद लागतो. ओळखपत्राला जन्मदाखला लागतो. आणि वर्षानुवर्षं नशेत, या घरातून त्या घरात राहणाऱ्या माणसाकडे यातला एकही कागद नसतो.

इंडियानात जन्मदाखला काउंटीचं आरोग्य खातंच देतं. रोजच्या कंटाळवाण्या कामातली ती खिडकी साथीच्या मधोमध येऊन उभी राहिली. मार्चच्या अखेरीस ऑस्टिनमध्ये एकाच छताखाली मदत केंद्र उघडलं. तिथे एचआयव्ही तपासणी, हेपटायटिस ए आणि बी ची लस, विम्याचा अर्ज, जन्मदाखला, राज्याचं ओळखपत्र, व्यसनमुक्तीसाठी पाठवणी, नोकरीची माहिती, आणि पुढे सुया हे सगळं एकत्र आलं.

एक माणूस समोर धरून पाहू. तो आला सुया घ्यायला, दुसऱ्या कशासाठी नाही. त्याला सुया आधी द्यायच्या, अट न घालता. मग विचारायचं, तपासणी करायची का? तो हो म्हणाला आणि जलद चाचणी पॉझिटिव्ह आली. जुन्या पद्धतीत याला चिठ्ठी मिळाली असती: लुईव्हिलला जा, पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दुसऱ्या राज्यात. त्याआधी विमा काढ, त्याआधी ओळखपत्र, त्याआधी दाखला. चार कचेऱ्या, चार वेगळे दिवस, गाडी नाही, आणि दर काही तासांनी शरीराची मागणी. यातल्या प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. एका छताखाली हे चारही कागद एका दिवशी सुरू होतात, रक्त त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे जातं, हेपटायटिस बी चा पहिला डोस दंडात पडतो (पुढचे एका आणि सहा महिन्यांनी, पण पहिल्यासाठी कशाचीच वाट पाहायची नाही). उपचारांसाठी कूक यांच्या दवाखान्यातच आठवड्याला एचआयव्हीची ओपीडी भरू लागली, इंडियाना विद्यापीठाचे तज्ज्ञ तिथे येत. डॉक्टर रुग्णाच्या गावात आले, रुग्णाला शहरात जावं लागलं नाही.

आपल्याकडे एआरटी केंद्र (एचआयव्हीचं औषध देणारं) जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रुग्ण पाड्यावर, आधार कार्डावरचा पत्ता तिसऱ्याच तालुक्यातला, अशी प्रकरणं समुपदेशकांच्या टेबलावर रोज येतात. औषध फुकट असूनही एसटीच्या भाड्यासाठी ते सुटतं. स्कॉट काउंटीच्या मदत केंद्राची मांडणी म्हणूनच आपल्या कामाला जवळची वाटते.

आणखी एक जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ च्या सुरुवातीला तपासणी शिबिरांत एचआयव्हीचे कितीतरी रुग्ण एकदम सापडले. तिथे नशा नव्हती. उपचार म्हणून दिलेली असुरक्षित इंजेक्शनं होती. पण विषाणूला दोन्ही वाटा सारख्याच: पुन्हा वापरलेली सुई, ज्यांच्याकडे दुसरी सोय नाही अशी माणसं, आणि आसपास तपासणी नसल्याने बराच काळ न दिसलेली लागण.

आकडे काय सांगतात

सुया बदलून देण्याचा परिणाम मोजला गेला. कार्यक्रमात किमान आठवडाभराच्या अंतराने पुन्हा आलेल्या १४८ जणांची पहिल्या आणि शेवटच्या भेटीतली उत्तरं ताडून पाहिली. सुई वाटून घेणारे १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. टोचण्याचं बाकी सामान वाटून घेणारे २४ वरून ५ टक्क्यांवर. एक सुई सरासरी दोनदा वापरली जायची, ती एकदाच वापरली जाऊ लागली. ही माणसांनी स्वतः सांगितलेली उत्तरं आहेत, तेवढी सूट द्यावी. पण नवे रुग्णही त्याच सुमारास कमी होत गेले. पुढच्या वर्षांत साथीशी जोडलेले एकूण रुग्ण २०० च्या वर गेले आणि मग वर्षाला नवे रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले.

उशिराची किंमतही मोजली गेली. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेलनुसार, निदान न झालेल्या रुग्णांची संख्या १० जानेवारी २०१५ च्या आसपासच शिखराला पोहोचली होती, जास्तीत जास्त १२६. तेव्हा औपचारिक तपासही सुरू झाला नव्हता आणि आणीबाणी अडीच महिने दूर होती. हाच प्रतिसाद २०१३ च्या आरंभी सुरू झाला असता तर एकूण रुग्ण ५६ किंवा त्याहून कमी राहिले असते. एप्रिल २०११ मध्ये, हेपटायटिस सीचा इशारा वाचून सुरू झाला असता तर १० किंवा कमी. मॉडेल म्हणजे अंदाजच. तरी २०१३ हे साल नजरेत भरतं, कारण काउंटीतलं एकमेव तपासणी केंद्र बंद झालं ते त्याच वर्षी.

देशपातळीवर याचा एक फायदा झाला. अशीच साथ कुठे होऊ शकते याचा शोध घेऊन अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) २२० काउंट्यांची यादी काढली. आणि डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय निधीच्या अटी बदलल्या: कर्मचारी, गाडी, तपासणी यांवर खर्च चालेल, मात्र प्रत्यक्ष सुया त्या पैशातून घेता येणार नाहीत. त्यामुळे सुयांचा खर्च खात्यांना देणग्यांतून किंवा स्थानिक पैशांतून भागवावा लागतो, आणि महिन्याअखेरीस गाडी असते, परिचारिका असते, सुया नसतात, असा प्रसंग येऊ शकतो. अर्थसंकल्प वाचताना ही एक ओळ आधी शोधावी.

२०२१

२०१७ च्या दुरुस्तीनंतर असे कार्यक्रम सुरू ठेवायचे की नाही हा निर्णय इंडियानातल्या काउंट्या स्वतः घेऊ शकत होत्या. स्कॉट काउंटीचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या तीन आयुक्तांच्या मंडळासमोर २०२१ मध्ये हा प्रश्न आला. रस्त्याकडेला सापडणाऱ्या सुया आणि वाढलेले अतिसेवनाचे मृत्यू यांवर गावात खरीखुरी चीड होती. ज्यांनी घरचं माणूस गमावलं त्यांना ‘सुया सरकार देतं’ हे पटणं सोपं नसतं, आणि आरोग्य खात्याने ही चीड अज्ञान म्हणून झटकू नये. तिच्यावरचं उत्तर कामात असतं: तक्रार आली की त्याच दिवशी सुई उचलणारा माणूस, परत आलेल्या सुयांचा दरमहा जाहीर हिशेब, आणि नवे रुग्ण किती याचा फलक, गावातल्या चौकात. नवे रुग्ण सापडेनासे झाले की ते का सापडत नाहीत हेही लोकांच्या नजरेआड होतं.

जेरोम ॲडम्स स्वतः कार्यक्रम चालू ठेवा असं सांगायला आले. २ जून २०२१ ला आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी तो १ जानेवारी २०२२ पूर्वी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर अशी सेवा जवळ म्हणजे क्लार्क काउंटीत, जेफरसनव्हिलला. ऑस्टिनहून सुमारे पन्नास किलोमीटर. दिवसाला १५ वेळा टोचून घेणाऱ्या माणसाला आठवड्याच्या १०५ सुयांसाठी जाऊन-येऊन शंभर किलोमीटर.